आजीचं 'आमच्या वेळी'

लाडक्या पिल्ला,

काल आजीचा फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "आई, मराठी माणसं सारखी 'आमच्या वेळी असं नव्हतं' का म्हणतात? तेव्हा एवढं छान होतं, तर आपण इकडे कशाला आलो?" मी "झोप आता" म्हणून वेळ मारून नेली. रात्रभर ते मनात घोळत राहिलं.

आजीला आठवतात ती माणसं. शेजारीण न विचारता घरात यायची, घरात कुणी आजारी पडलं की दुसऱ्या घरून झाकलेलं ताट यायचं. हे खरंच होतं गं. इथे ते नाही, आणि त्याची हुरहूर मलाही लागते. आजी असं बोलायला लागली की कंटाळू नकोस.

पण त्याच काळात १९७२चा दुष्काळ पडला. आजी तेव्हा पंधरा वर्षांची. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तळहाताला फोड आले की चिंधी गुंडाळायची आणि पुन्हा हातोडी उचलायची. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणत. तिची भाकरी थापता थापता तुटायची. कामावर खायला मिळालेली सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा खाऊ, आजी स्वतः न खाता धाकट्या भावासाठी पदरात बांधून आणायची. हे तिने मला एकदाच सांगितलं, आणि तेव्हा 'आमच्या वेळी' हे शब्द तिच्या तोंडी आले नाहीत.

त्या वेळच्या लोकांनी 'आपल्या आज्या-पणज्यांनी याहून वाईट दिवस काढले' असं म्हणून गप्प बसायचं ठरवलं असतं, तर? ते बसले नाहीत. मोर्चे निघाले. हाताला काम द्या, अशी मागणी झाली. तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना महाराष्ट्रात उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. २००५ साली अख्ख्या देशासाठी तसा कायदा झाला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. खडी फोडून दमलेल्या माणसांनी आपल्या आजच्या दिवसाकडून जास्त मागितलं, म्हणून हे झालं. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

आता माझी चूक. गेल्या आठवड्यात तू रडत सांगितलंस, की बसमध्ये मुलं तुझ्या नावाची मोडतोड करून चिडवतात. मी काय म्हणाले? "आमच्या वेळी तर बाई छडीने मारायच्या, आम्ही घरी सांगायचोसुद्धा नाही." आम्ही सोसलं, म्हणून तूही सोसावंस, असं मी तुला सांगत होते. तसं नाही पिल्ला. तू सांगितलंस तेच बरोबर होतं.

सोमवारी मी तुझ्या शाळेत येतेय, बाईंशी बोलायला. आणि रविवारी फोनवर आजीला सुकडीची चव कशी होती ते विचार. ती थोडा वेळ गप्प होईल. फोन ठेवू नकोस, थांब.

तुझी आई