जंबेरीच्या एका बीतून तीन कोंब: कोणते रोप ठेवावे?

प्रश्न (काटोल तालुका, जि. नागपूर): पन्हेरीसाठी (रोपवाटिकेसाठी) जंबेरीची, म्हणजे ज्याच्या रोपावर संत्र्याचे कलम बांधतात त्या लिंबाची, बी टाकली. एकेका बीतून दोन-तीन कोंब आले. बी खराब आहे का? आणि अशी रोपे आईसारखीच होतात म्हणतात, मग कलम न करता संत्र्याचीच बी लावली तर?

उत्तर: बी खराब नाही, जातिवंत आहे. जंबेरी, रंगपूर लाईम (कलमासाठीच वापरले जाणारे दुसरे लिंबू) आणि आपला नागपुरी संत्रा, तिघांच्याही बीत अनेक गर्भ असतात. त्यातला एक परागीभवनानंतर फलनातून तयार होतो, म्हणजे त्यात आईबाप दोघांचे गुण येतात. बाकीचे गर्भ बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून, फलनाशिवाय वाढतात. ती रोपे हुबेहूब आईसारखी. खुंटाला, म्हणजे ज्यावर कलम बांधायचे त्या खालच्या रोपाला, हीच हवीत, कारण खुंट एकसारखा असला की बागही एकसारखी वाढते.

आता वाफ्यावर बसून नीट पाहा. बहुतेक रोपे उंचीला, पानाला सारखी दिसतील. मध्येच एखादे खुरटे, एखादे भलतेच उंच, एखाद्याचे पान वेगळ्याच आकाराचे. ही फलनातली असण्याची शक्यता जास्त, ती उपटून टाका. जीव तुटतो, पण उपटाच. असे रोप बागेत गेले तर पुढची कितीतरी वर्षे त्या जागेचे नुकसान सोसावे लागते. एका बीतले कोंब पुनर्लागवडीच्या वेळी हलक्या हाताने वेगळे करा. सोटमूळ वाकडे असेल तर धडधाकट रोपही घेऊ नका. पुढच्या खेपेला बी निरोगी, जोमदार मातृवृक्षाचीच घ्या, कारण आईत जे आहे तेच रोपात उतरणार. काढलेली बी सावलीत सुकवून लगेच पेरा, कडक वाळली की उगवण जाते. पाण्याचा ताण पडणाऱ्या जमिनीत मी जंबेरीऐवजी रंगपूर लाईम सुचवीन.

संत्र्याची बी मात्र लावू नका. रोप आईसारखे होईल, बहुतेक विषाणूरोगही बीतून येत नाहीत, हे खरे. पण ते झाड काटेरी होते, उंच जाते आणि फळाला कलमापेक्षा बरीच वर्षे जास्त घेते. खुंटाचे गुण मिळत नाहीत ते वेगळेच. जंबेरीचे रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यावर जमिनीपासून साधारण 9 इंचांवर संत्र्याचा डोळा (फांदीवरची कळी) बांधा, आणि लावताना तो जोड मातीत गाडला जाऊ देऊ नका. डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) तिथूनच शिरतो.