गळाचे प्रश्न: कृष्णेच्या डोहावर चौघांनी बसताना

पावसाळा सरून बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, लागले की या सदराकडे येणारी पत्रं वाढतात. या वेळची बहुतेक पत्रं कृष्णेवर, कऱ्हाडच्या खाली ते हरिपूरच्या संगमापर्यंत, मित्रमंडळींनी मिळून रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) यांच्यासाठी गळ टाकण्याबद्दल आहेत. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: आम्ही पाच जण भिलवडी भागात दोन दिवस बसणार आहोत. मागच्या खेपेला तंगूस (गळाचे नायलॉनचे दोरे) एकमेकांत गुंतले, दिवसभरात दोनच मासे आले. बसायचं कसं? (तासगाव)

पाचाचे चार करा, किंवा पाचव्याकडे चारा (मासे जमवायला पाण्यात टाकायचं खाद्य) आणि हातजाळी द्या. पाच जणांचे दहा रॉड एका डोहावर म्हणजे पाण्यात दहा शिशांचा, म्हणजे तंगुसाला लावलेल्या वजनांचा, धबाधब आवाज, आणि मासा उठून जायला तेवढा पुरतो. माणशी दोन रॉड, दोघांत पंधरा पावलं अंतर. प्रत्येकाने आपल्या समोर सरळ टाकायचं, तिरकं नाही. धार मंद दिसली तरी तंगूस खालच्या अंगाला ओढला जातोच. म्हणून वरच्या अंगाला बसलेल्याने शिसं जड लावावं: त्याचं 100 ग्रॅम, तर खालच्याचं 80 चालेल. सगळ्यांनी हलकं लावलं की तासाभरात सगळ्यांची शिसी खालच्या माणसासमोर गोळा होतात. तुमचं बहुधा हेच झालं.

मासा लागला की ओरडायचं नाही. लागलेला मोठा मासा बहुतेकदा धारेबरोबर खाली पळतो, म्हणून खालच्या शेजाऱ्याने न सांगता आपले दोन्ही रॉड गुंडाळून घ्यायचे. वरच्याने तंगूस सैल सोडून रॉडचं टोक पाण्याकडे झुकवायचं, म्हणजे मासा उलटा फिरला तरी त्याचा तंगूस तळाशी राहतो. एवढं निघण्याआधी ठरवून घ्या, काठावर गेल्यावर कुणी ऐकत नाही.

जागा निवडताना वळणाची बाहेरची बाजू बघा. तिथे पाणी खोल आणि दरड उभी असते. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी थांबलेलं असतं, तेही चांगलं, मात्र भिंतीपासून दूर बसा. खोली मोजायला नुसतं शिसं टाका आणि ते पाण्याला टेकल्यापासून तंगूस सैल पडेपर्यंत मोजा. घराजवळच्या विहिरीत तेच शिसं एकदा मोजून ठेवलं असेल तर अंदाज पक्का बसतो. तीन-चार मीटर खोली आणि तळ कठीण, अशी जागा मिळाली की पुरे. शिसं ओढताना हाताला खरखर लागली तर वाळू किंवा मुरूम. गुळगुळीत ओढून एकदम जड झालं तर गाळ, आणि गाळात आमिष बुडून दिसेनासं होतं.

प्रश्न: चाऱ्याचं प्रमाण सांगा. आम्ही पेंड टाकतो, पण फक्त चिलापी (तिलापिया) आणि बारीक मासळी जमते. (मिरज)

नुसती पेंड बारीक आणि तेलकट. ती पाण्यात पसरते, चिलापीला दुरून कळते आणि मोठ्या माशासाठी तळाशी काही उरत नाही. चौघांना दोन दिवसांसाठी कोरडा माल साधारण असा घ्या: मक्याचा भरडा 4 किलो, गव्हाचा कोंडा 3 किलो, शेंगदाणा पेंड 2 किलो, मेथी 50 ग्रॅम भाजून कुटून, आणि अर्धा किलो गूळ किंवा तेवढीच काकवी पाण्यात विरघळवून. पेंड आदल्या रात्री भिजत घाला. थोडा आंबूस वास रोहू-मृगळाला चालतो. हिरवी-काळी बुरशी धरलेली पेंड मात्र फेकून द्या.

याशिवाय अख्खा मका 2 किलो. हा 24 तास भिजवून दाणा फुटेपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास, शिजवायचाच. कोरडा किंवा अर्धवट भिजलेला मका माशाच्या पोटात फुगतो, आणि तो मासा पुन्हा खायला येत नाही. शिजवलेल्या मक्याचं चिकट पाणी फेकू नका, चारा मळायला तेच वापरा.

मळताना पाणी एकदम ओतायचं नाही. मुठीत दाबल्यावर गोळा बसला पाहिजे आणि अंगठ्याने टोचल्यावर फुटला पाहिजे. मग बादलीभर पाण्यात एक गोळा सोडून बघा. तळाशी अख्खा पोचून दहा-पंधरा मिनिटांत सुटला तर बरोबर. मध्येच फुटला तर सगळा चारा चिलापीच्या तोंडी जाईल. अर्ध्या तासानंतरही दगडासारखा राहिला तर कोंडा वाढवा. धारेत बसवायचा असेल तर चौथा हिस्सा काठाचीच चिकण माती मिसळा. मातीने वजन येतं आणि पोटही भरत नाही, म्हणून ती घालायला कचरू नका.

सुरुवातीला संत्र्याएवढे वीस गोळे एकाच जागी, धार मंद असेल तर गळाच्या जागेपासून चार-पाच हात वरच्या अंगाला. चौघांनी चार ठिकाणी टाकले तर चार अर्धवट जागा होतात. चौघांचा मिळून एकच पट्टा धरा आणि टाकायचं काम एकाच हाताला द्या. मग तासभर काही टाकू नका. नंतर अर्ध्या तासाला तीन गोळे. मासा निघाला की लगेच दोन. मासा लागत नाही म्हणून चारा वाढवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. पाण्यातून तळाचे बारीक बुडबुडे एकाच जागी उठत असतील तर मासा आलेला आहे, खातो आहे, आणि तुमच्या गळावरच्या दोन दाण्यांपेक्षा त्याला खाली पडलेलं जास्त आहे. अशा वेळी चारा बंद.

चिलापीचा त्रास तरीही राहिला तर आमिष कठीण करा. सोयापीठ 250 ग्रॅम, बारीक रवा 250 ग्रॅम, अंडी साधारण सहा, चमचाभर मीठ. अंडी फेटून त्यात पीठ बसेल तेवढंच मळायचं. बोराएवढ्या गोळ्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून काढा आणि कपड्यावर सावलीत एक दिवस वाळवा. चिलापी टोचत बसते, पण गोळी फुटत नाही. सायप्रिनसच्या घशात दाढांसारखे दात असतात, तो ती सहज चिरडतो.

प्रश्न: रॉडला बांधलेली घंटी वाजते, हिसका देतो, गळ रिकामा येतो. दिवसातून दहा वेळा हेच. (सांगली)

रोहू, मृगळ, सायप्रिनस हा वर्ग आमिष तोंडाने चघळत नाही. तो आमिष पाण्यासकट आत ओढतो, आणि काही टोचलं किंवा वजन वेगळं वाटलं की क्षणात बाहेर फुंकतो. कणकेत पूर्ण बुडवलेला गळ ओढला जातो तेव्हा टोक कणकेतच असतं. तुमची घंटी वाजते ती त्याने थुंकल्यावर. उपाय म्हणजे आमिष गळावर न लावता गळाच्या शेजारी टांगायचं.

त्यासाठी विणलेल्या मऊ दोऱ्याचा वीतभर जास्तीचा तुकडा घ्या. एका टोकाला मुगाएवढा फास बांधा. जाड सुईने मक्याचे दोन दाणे ओवा आणि फासात कडब्याच्या काडीचा बारीक तुकडा अडकवा, म्हणजे दाणे निसटत नाहीत. दुसरं टोक गळाच्या डोळ्यातून (वरच्या भोकातून) पाठीकडून, म्हणजे टोकाच्या विरुद्ध बाजूने, आत घाला. दाणे गळाच्या वाकाखाली अर्धा सेंटिमीटर लोंबतील इतपत दोरा ओढा. मग मोकळ्या दोऱ्याने गळाची दांडी आणि दाण्यांचा दोरा एकत्र धरून खालच्या दिशेने सात-आठ घट्ट वेढे द्या आणि टोक परत डोळ्यातून पाठीकडूनच बाहेर काढा. शेवटचा वळसा पुढून घातला तर गळ बाहेरच्या बाजूला उघडतो आणि ओठात फिरत नाही. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. झाल्यावर तळहातावर गळ आडवा ठेवून दोरा हळू ओढा. टोक वळून कातडीला टेकायला जाऊ लागलं तर बांधणी बरोबर आहे, तेव्हा लगेच थांबा.

गळापासून शिशापर्यंत दोरा 15 ते 20 सेंटिमीटर, मध्ये फिरकीची कडी. गळाचं तोंड करंगळीच्या नखाएवढं असावं. नंबरावर जाऊ नका, दोन कंपन्यांचे नंबर जुळत नाहीत. शिसं कडीला पक्कं बांधायचं नाही, ओढ बसल्यावर निसटेल असं रबराने धरायचं. पक्क्या शिशाने मुख्य तंगूस तुटला तर मासा ते वजन घेऊन हिंडत राहतो.

आता हिसका द्यायचा नाही. शिशाचं वजनच टोक रुतवतं, आणि रॉड वाकून रीळ ओरडायला लागलं की नुसतं उचलायचं. त्यासाठी रिळाचा ताण आधी बसवून ठेवावा लागतो. तंगूस 6 किलोचा असेल तर भाजी तोलायचा स्प्रिंगचा काटा त्याला अडकवून ओढा. 2 किलोला रीळ सुटायला हवं. पूर्ण आवळलेलं रीळ ठेवून डबा खायला गेलात तर सायप्रिनस रॉडसकट नेतो.

कटल्याला मात्र हे लागू नाही. त्याचं तोंड वर वळलेलं असतं आणि तो वरच्या थरात तरंगतं सूक्ष्म खाद्य खातो. त्याच्यासाठी तरंडा, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, लावा. खोली तीन मीटर असेल तर गळ दीड मीटरवर, आणि डाळ्याचं पीठ, ब्रेडचा चुरा, थोडी दूध पावडर यांचा असा सैल गोळा करा की पाण्यात ढग होऊन सुटेल. लहान गळ त्या ढगात लोंबू द्या. तरंडा बुडायची वाट बघू नका, तो किंचित उचलला गेला किंवा आडवा झाला तरी उचला. कटल्याचे ओठ मऊ असतात, जोराचा हिसका दिला तर फाटतात.

आठ-दहा गळांचा गुच्छ गोळ्याभोवती लावायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मासा लागतो खरा, पण डोळ्यात, गालफडात, पोटाला. बारीक मासाही सोडण्याच्या लायकीचा राहत नाही. आम्ही ती पद्धत सुचवत नाही.

प्रश्न: रात्री नदीकाठी मुक्काम करावा का? मगरींचं ऐकून घरचे नको म्हणतात. (कऱ्हाड)

घरच्यांचं बरोबर आहे. भिलवडी, औदुंबर, कसबे डिग्रज, हरिपूर या पट्ट्यात मगरी आहेत आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. मुक्काम गावात करा, काठावर उजेड असेपर्यंतच बसा. दिवसाही पाण्याच्या कडेपासून तीन-चार मीटर मागे आणि उंचावर बसायचं. गुडघाभर पाण्यात उतरून मासा काढायचा नाही. हातजाळीचा दांडा अडीच मीटरचा घ्या, तो याचसाठी. जिवंत मासे जाळीच्या पिशवीत घालून काठाला पाण्यात बांधून ठेवणं आणि तिथेच मासा साफ करून आतडी नदीत टाकणं म्हणजे मगरीला बोलावणं. चाऱ्याचे हात धुवायलाही बादलीने पाणी वर घ्या.

दुसरं, पाण्याची चढ. कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातलं एक युनिट चालू झालं की 1050 क्युसेक, दोन्ही झाली की 2100 क्युसेक पाणी कोयना नदीत येतं आणि कऱ्हाडला कृष्णेत मिळतं. निघण्याआधी विसर्गाची बातमी बघा. सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट हे आकडे पुराचे. गळवाल्याला चार बोटं पाणी चढलं तरी फरक पडतो. पाण्याच्या कडेला खुणा केलेली काठी रोवा आणि अर्ध्या तासाने बघत जा. पाणी चढताना फेस आणि काटक्या वाहत आल्या की सामान वर न्या. पाणी उतरताना ओली दरड कोसळते, तिच्या कडेवर किंवा खाली बसू नका.

प्रश्न: कोणते महिने चांगले? (पलूस)

ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि पुन्हा फेब्रुवारी ते एप्रिल. थंडीत रोहू-कटला मंदावतात, सायप्रिनस दुपारच्या उन्हात खातो. जून ते ऑगस्ट गाभोळीचे मासे असतात, तेव्हा गळ घरी ठेवा. बंधाऱ्याचे बरगे काढल्यावर आठवडाभर जागा बदललेल्या असतात, जुन्या खुणांवर जाऊ नका. आणि मासे पृष्ठावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, पाण्याला तपकिरी रंग आणि वास असला, तर वर कुठेतरी सांडपाणी सुटलेलं आहे. तो मासा सहज हाती लागतो, पण खायचा नाही आणि विकायचाही नाही.

प्रश्न: गळाला लागलेला मासा ओळखायचा कसा, आणि सोडायचा असेल तर? परवानगी लागते का? (वाळवा)

चार मिशा आणि पाठीवर लांबलचक पर, त्याचा पहिला काटा करवतीसारखा: सायप्रिनस. डोकं मोठं, तोंड वर, मिशा नाहीत: कटला. ओठ जाड, झालरीसारखे: रोहू. अंग सडपातळ, तोंड खाली: मृगळ. चंदेऱ्या (सिल्व्हर कार्प) आमिषाला सहसा लागत नाही, तो पाणी गाळून खातो. गवत्याला (ग्रास कार्प) मात्र लसूणघासाची कोवळी जुडी चालते.

सोडायचा असेल तर ओल्या गोणपाटावर ठेवा, ओल्या हातांनी धरा, कल्ल्यात बोट घालू नका. वजन गोणपाटासकट करून नंतर गोणपाट वजा करा. पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको, उन्हाळ्यात त्याहून कमी. मग हातजाळीतच ठेवून जाळी पाण्यात धरा, माशाचं तोंड धारेकडे करून, तो स्वतः शेपूट मारेपर्यंत. ढकलून दिलेला मासा पुढे जाऊन उलटा पडतो.

परवानगीचं म्हणाल तर राज्यातल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीला महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, 1960 लागू आहे, आणि बंधाऱ्यांचं पाणी बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतं. गावात पोचल्यावर आधी संस्थेच्या माणसाला भेटा. बहुतेकदा तोच जागाही दाखवतो. औदुंबर, नृसिंहवाडीसारख्या क्षेत्रांच्या घाटापासून लांब बसा, तिथे यात्रेकरू माशांना खाऊ घालतात.