पुण्याच्या व्यंकीजनी ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला कशाला, आणि तिथले लोक अजून का चिडलेत?

तुमचा प्रश्न असा की, कोंबड्या-अंड्यांच्या धंद्यातल्या पुण्याच्या व्यंकीजच्या राव कुटुंबाला इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबची हौस का आली, तिथले चाहते इतक्या वर्षांनंतरही त्यांच्या नावाने बोटं का मोडतात, आणि ही मंडळी क्लब विकून मोकळी का होत नाहीत.

मी फुटबॉलमधला जाणकार नाही. पण मूळचा सिंहगड रोडचा, व्यंकीजच्या व्यंकटेश्वर हाउसवरून हजारदा गेलेला, आणि २०१६-१७ मध्ये कामानिमित्त प्रेस्टनला राहिलो. तिथून ब्लॅकबर्न रेल्वेने पंधरा-वीस मिनिटं. पहिल्यांदा मॅच बघायला गेलो तेव्हा स्टेशनबाहेर टॅक्सी केली. चालक चाचा भरूचकडचे. ब्लॅकबर्नमध्ये गुजरातेतून गेलेली खूप कुटुंबं आहेत. हिंदीत विचारलं, कुठचे? म्हटलं, पुणे. त्यांनी आरशातून माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "फिर तो डबल भाडा." मग हसले. पण ईवुड पार्क, म्हणजे क्लबचं मैदान, येईपर्यंत मी जे ऐकून घेतलं ते सगळं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

आधी "घेतला कशाला" ते बघू. नोव्हेंबर २०१० मध्ये व्यंकीजनी हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला, वर डोक्यावरचं कर्जही उचललं. तेव्हाच्या दराने दीडशे कोटी रुपयांच्या वर. आकडा मोठा वाटतो ना? दोनच महिन्यांनी लिव्हरपूलने अँडी कॅरोल या एका स्ट्रायकरसाठी साडेतीन कोटी पौंड मोजले. म्हणजे एका खेळाडूपेक्षा स्वस्तात प्रीमियर लीगमधला, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या श्रेणीतला अख्खा क्लब, मैदानासकट. १८७५ चा क्लब, फुटबॉल लीगच्या संस्थापकांपैकी एक, १९९५ चा प्रीमियर लीग विजेता. शिवाय प्रीमियर लीग आशियाभर टीव्हीवर दिसते, तिथे आपल्या चिकनचं नाव झळकेल हा हिशोब. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये चिकन खातायत अशी जाहिरातही केली होती. धंद्याच्या नजरेने बघितलं तर सौदा वेडेपणाचा नव्हता, हे मी आजही म्हणेन.

वेडेपणा पुढे झाला. महिनाभरात सॅम ॲलर्डाइससारख्या मुरलेल्या मॅनेजरला काढलं. संघ तेराव्या नंबरवर होता, म्हणजे बुडत नव्हता. जागी आणला स्टीव्ह कीन, तिथलाच कोच, ज्याने याआधी एवढ्या मोठ्या संघाची सूत्रं कधी हातात घेतली नव्हती. रोनाल्डिन्होला आणायच्या गप्पा झाल्या. तो गेला ब्राझीलच्या फ्लामेंगोकडे. मे २०१२ मध्ये विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हरून संघ खालच्या, दुसऱ्या श्रेणीत गेला. त्या मॅचमध्ये कोणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. तुम्ही ते फोटो बघितले असतील. पुढचा हंगाम तर तमाशाच. मॅनेजर म्हणून हेनिंग बर्ग टिकला ५७ दिवस, मायकेल ॲपलटन ६७ दिवस. आणि हा बर्ग म्हणजे १९९५ च्या विजेत्या संघातला आपला माणूस! करारातल्या पैशांसाठी त्याला कोर्टात जावं लागलं, आणि तो जिंकला.

आता रागाचं मूळ. ते पैशात नाही, इथेच बहुतेकांचं चुकतं. मँचेस्टर युनायटेडच्या ग्लेझर कुटुंबाशी तुलना करून बघा. त्यांनी २००५ मध्ये क्लब घेतला तो मोठं कर्ज काढून, आणि त्यातलं बरंचसं कर्ज क्लबच्याच अंगावर टाकलं. व्याज क्लब भरणार, वर लाभांश कुटुंबाला. रावांचं बरोबर उलट: वर्षानुवर्षं तोटा होतोय आणि पुण्याहून पैसे जातायत. तरी शिव्या दोघांनाही सारख्याच.

कारण ब्लॅकबर्नच्या लोकांच्या मनात मालक म्हटलं की जॅक वॉकर येतो. गावचाच माणूस, पोलादाच्या धंद्यात वर आलेला. कंपनी ३३ कोटी पौंडांना विकली आणि लहानपणापासूनच्या आपल्या क्लबवर पैसा ओतला. डॅलग्लिश मॅनेजर, शिअरर स्ट्रायकर, लीग खिशात. मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. गंमत म्हणजे वॉकरही राहायचा जर्सी बेटावर, कर वाचवायला. पण मॅचला यायचा. लोकांना तो दिसायचा. राव मंडळी सुरुवातीनंतर ईवुड पार्कवर क्वचितच दिसली. मॅनेजरनेच विमानाने पुण्याला जाऊन भेटायचं. टोनी मोब्रे या मॅनेजरने ते जमवलं, मालकांबद्दल चांगलंही बोलला, पण स्टँडमधल्या माणसाला त्याचा काय उपयोग? मी गेलो त्या दिवशी एकतीस हजारांच्या मैदानात निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. शेजारच्या आजोबांनी हातातली सारण भरलेली गरम पेस्ट्री खाता खाता विचारलं, तुमच्याकडे मालक दुकानात येतच नाही का? मी पुणेकर, दुकानं दुपारी बंद असतात एवढंच सुचलं. ते काही त्यांना कळलं नाही.

त्याच मोसमात, मे २०१७ मध्ये, संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. शेवटची मॅच जिंकूनही, गुण सारखे असताना केवळ गोलफरकावर. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब एवढ्या खाली जायची ती पहिलीच वेळ. प्रेस्टनचा क्लब म्हणजे ब्लॅकबर्नचा शेजारचा प्रतिस्पर्धी, त्यामुळे माझ्या खोलीखालच्या पबात अर्थातच जल्लोष. पुढच्याच वर्षी मोब्रेने परत वर आणला, हे श्रेय द्यायला हवं.

"विकत का नाहीत?" साधा हिशोब करा. आतापर्यंत वीस कोटी पौंडांच्या आसपास आत गेलेत. दुसऱ्या श्रेणीतल्या, दर वर्षी तोट्यातल्या क्लबला तेवढी किंमत कोण देणार? विकलं की तोटा कायमचा पदरात. ठेवला तर वर जायची आशा, पण दर वर्षी नवा खड्डा. हरलेल्या पत्त्यावर उठायला मन होत नाही तसं आहे ते. त्यात २०२३ पासून भारतातून पैसे पाठवायचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, त्यामुळे तो नळही थेंबथेंब झाला.

आणि नळ आटला की पोरं विकावी लागतात. ॲडम व्हार्टन ब्लॅकबर्नचाच, लहानपणापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला. २०२४ च्या सुरुवातीला त्याला क्रिस्टल पॅलेसला १ कोटी ८० लाख पौंडांना दिलं. काही महिन्यांत तो युरो स्पर्धेच्या इंग्लंड संघात. ज्या दिवशी संघ जाहीर झाला त्या दिवशी चाचांचा व्हॉट्सॲप आला. व्हार्टनचा फोटो आणि खाली एकच ओळ: "बेटा, अब तिगुना भाडा."