१९७७ ची ‘द इन्क्रेडिबल हल्क’ मालिका आता पहिल्यांदा बघायची असेल तर कुठून सुरुवात करावी? आणि संगणकाशिवाय ते रूपांतर कसं दाखवलं?

सुरुवात नोव्हेंबर १९७७ च्या दोन तासांच्या पायलटनेच, म्हणजे मालिकेआधीच्या पहिल्या भागानेच करा, तो गाळून पुढे जाऊ नका. शास्त्रज्ञ डेव्हिड बॅनर पत्नीला अपघातातून वाचवू शकला नाही, म्हणून ऐन संकटात काही माणसांच्या अंगात अचाट ताकद कुठून येते हे तो शोधतोय, आणि त्यासाठी स्वतःवरच गॅमा किरणांचा प्रयोग करतो. भर पावसात टायर बदलताना हाताला लागतं, तो चिडतो आणि पहिल्यांदा हल्क या हिरव्या राक्षसी माणसात बदलतो. हा प्रसंग मनात राहिला की पुढचं सगळं कळतं.

रूपांतर म्हणजे संकलनाची कमाल. आधी बॅनर झालेल्या बिल बिक्स्बीचा चेहरा, मग फिकट लेन्स घातलेले डोळे, मग शर्टाची उसवणारी पाठीची शिवण, फाटणारा बूट आणि शेवटी हल्क झालेला लू फेरिग्नो. प्रत्येक तुकडा वेगळा चित्रित केलेला, आणि जोड झाकायचं निम्मं काम संगीताचं. हिरवा रंग अंगभर लावायला तासन्‌तास लागत, आणि तो ज्याला-त्याला लागायचा. लेन्सही डोळ्यांना टोचत. गुरगुरणं मात्र फेरिग्नोचं नाही! आधी टेड कॅसिडी, त्याच्या निधनानंतर चार्ल्स नेपियर. पायलटमध्ये हल्क म्हणून आधी रिचर्ड कीलला घेतलं होतं. उंची भरपूर, पण स्नायू कमी पडले. वरून घेतलेल्या एका शॉटमध्ये अजूनही तोच आहे, नीट बघा.

सलग पाच-सहा भाग बघू नका. मालिका आठवड्याला एक भाग या हिशोबाने लिहिलेली आहे: नवं गाव, नवं नाव, नवी नोकरी, साधारण मध्यावर एकदा आणि शेवटाकडे एकदा हल्क. ओळीने पाहिलं की साचाच डोळ्यात भरतो आणि माणसं निसटतात. दिवसाला एक पुरे.

वेळ कमी असेल तर पायलटनंतर दुसऱ्या सीझनचा ‘मॅरीड’ बघा. यातल्या अभिनयासाठी मारिएट हार्टलीला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला, आणि तो रास्तच होता. मग ‘मिस्टरी मॅन’चे दोन्ही भाग. हल्कच्या मागावर असलेल्या पत्रकार मॅकगीला हल्क हा मुळात माणूस आहे हे इथे कळतं, आणि पाठलागाचा रंगच बदलतो. चौथ्या सीझनमधला ‘द फर्स्ट’ही दोन भागांचा आहे, त्यात बॅनरच्या आधीचा एक हल्क भेटतो. ‘नेव्हर गिव्ह अ ट्रकर अ‍ॅन ईव्हन ब्रेक’ सोडलात तरी चालेल, त्यातली ट्रकची बरीच दृश्यं ‘ड्युएल’ या जुन्या चित्रपटातून उचललेली आहेत.

१९८२ मध्ये मालिका बंद झाली ती शेवट न होताच. १९८८, १९८९ आणि १९९० असे तीन टीव्ही-चित्रपट नंतर आले, शेवटचे दोन बिक्स्बीनेच दिग्दर्शित केले. तिसऱ्यात बॅनर मरतो. त्याला परत आणायचा विचार होता, पण १९९३ मध्ये बिक्स्बीच गेला. मालिकेच्या बहुतेक भागांच्या शेवटी बॅनर एकटा रस्त्याकडेने चालत जातो, मागे संगीतकार जो हार्नेलची पियानोची धून वाजते. तेवढं फॉरवर्ड करू नका.