'ॲबी' म्हणजे मठ की चर्च?

प्रश्न असा: इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या 'फाउंटन्स ॲबी'च्या भग्नावशेषांची माहिती मराठीत आणताना 'ॲबी'ला चर्च म्हणावे की मठ?

इथे मठच. ॲबट जिचा प्रमुख ती ॲबी, आणि ॲबट म्हणजे मठाधिपती. शब्दाच्या मुळाशी अरामी 'अब्बा', म्हणजे बाप. मराठी बायबलात 'अब्बा, बापा' आहेच. (आपल्या 'आबां'शी नाते जोडायचा मोह आवरावा.) चर्च हा मठाचा फक्त एक भाग. लंडनच्या 'वेस्टमिन्स्टर ॲबी'ची गोष्ट वेगळी: तिथला मठ सोळाव्या शतकातच संपला, चर्च उरले आणि 'ॲबी' हे नाव त्यालाच चिकटले. म्हणून ते विशेषनाम आहे तसेच ठेवावे.

खरी गफलत पुढच्या शब्दांत होते. 'फाउंटन्स' म्हणजे कारंजी नव्हेत, झरे. यॉर्कचा मठ सोडून निघालेले १३ जण ११३२मध्ये स्केल नदीच्या खोऱ्यात राहिले, तिथल्या झऱ्यांवरून हे नाव पडले. 'क्लॉइस्टर'ला कोशात 'मठ' सापडेल, पण इमारतीचे वर्णन चालले असेल तर तो चौक आणि त्याच्या चारी बाजूंच्या ओवऱ्या. देवळाच्या ओवऱ्या पाहिलेल्याला वेगळे समजवावे लागत नाही. 'सेलेरियम'चे 'तळघर' करू नका. चौकाच्या पश्चिमेला जमिनीवरच असलेली ही सुमारे ९० मीटर लांबीची कमानदार इमारत. खाली कोठार आणि मठातली कष्टाची कामे करणाऱ्या श्रमिक बंधूंची भोजनशाळा, वर त्यांची झोपायची जागा. कोठार म्हणावे. उत्तरेचा उंच टॉवर 'बुरूज' नव्हे, मनोरा. बुरूज किल्ल्याला असतात.

आता 'डिसोल्यूशन'. कोशातले 'विसर्जन' वाचून डोळ्यांपुढे गणपती येतो. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने मठ बंद केले आणि त्यांच्या जमिनी, मिळकती राजसत्तेकडे घेतल्या. यासाठी संस्थानांमुळे सवयीचा झालेला 'खालसा' हा शब्द आपल्याकडे तयार आहे: 'फाउंटन्सचा मठ १५३९मध्ये खालसा झाला.' पुढे छपराचे शिसे उतरवून विकले गेले, पावसाला वाट मिळाली, आणि शेजारच्या फाउंटन्स हॉल या वाड्याला मठाचेच दगड लागले. त्यामुळे 'काळाच्या ओघात ढासळला' हे वाक्य भाषांतरात घुसवू नये. ते चूक आहे.