खटला भर, की केस घाल?

पेडण्याच्या एका वाचकाचा प्रश्न: ‘न्ना तान केस कोड’ या २०२२च्या मल्याळम चित्रपटाच्या नावाचं मराठी ‘मग खटला भर’ असं केलं तर चालेल का? आणि आपण गोंयकार ‘केस घाल’ म्हणतो ते अशुद्ध का?

व्याकरणाने चालेल, पण चित्रपट उलटा होईल. वर्तमानपत्रांच्या भाषेत ‘खटला’ कुणीही कुणावरही भरतो, तरी माझ्या कानाला तो वरच्याने खालच्यावर भरायचा. १९०८ साली सरकारने टिळकांवर भरला तसा. चित्रपटात आमदाराच्या घरी कुत्रे चावलेला जुना चोर चोरीच्या आरोपात सापडतो आणि थेट बांधकाम मंत्र्यालाच कोर्टात ओढतो. त्याचं म्हणणं, खड्डा चुकवणारी रिक्षा अंगावर आली म्हणून भिंतीवरून उडी मारली, खड्डा कुणाचा? असा माणूस खटला भरत नाही, फिर्याद करतो. फारसीत ‘फर्याद’ म्हणजे मुळात मदतीसाठी फोडलेला टाहो.

नावातला ‘कोड’ म्हणजे दे. मराठीत तक्रार देतात, पोलिसांच्या कागदात फिर्यादही ‘दिली’ असते, पण केस कोणी देत नाही. पुण्याकडे ती करतात, फार चिडले तर ठोकतात. आपण घालतो, कारण शेजारी कोकणीतलं ‘केस घालप’ आहे. अशुद्ध कसलं? वाद घालता येतो, मग केस का नको? डोक्यावरच्या केसांशी घोटाळाही होत नाही; ते पुल्लिंगी, ही स्त्रीलिंगी.

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराबाहेर रिक्षाचं चाक पाण्याने भरलेल्या फोंडात गेलं आणि पोदेराच्या पावांच्या टोपलीवर चिखल उडाला. (फोंड म्हणजे खड्डा, फोंड्याच्या लोकांनी मनावर घेऊ नये.) पोदेर तावातावाने बोलू लागला, तर रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, “वच, घाल मरे केस!” (जा, घाल की रे केस!) पोदेर पाव विकायचे सोडून कोर्टाची पायरी चढणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. मल्याळम नावातला सूर नेमका हाच आहे.

तेव्हा ‘मग घाल केस!’ करा. ‘तान’ म्हणजे आपल्या ‘तू’सारखं, त्यात आदर नाही, त्यामुळे ‘घाला’ नको.