पगार पुरत नाही म्हणणाऱ्या आर्वीकडच्या ताईंना

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टर कंपनीत कंत्राटी, 7 तारखेला 14,200 येतात आणि 18-19 तारखेला घरात शंभराची नोट नसते. दुकानात 4,300 ची उधारी, शेजारून शेकडा तीनने घेतलेले 2,000, दोन कंपन्यांच्या गटकर्जाचे हप्ते. आता तिसरी कंपनी गावात आली आहे, तर तिच्याकडून 30,000 उचलून सगळं एकदाचं मोकळं करू का, असं तुम्ही विचारलंय.

नका उचलू. का ते सांगते, पण आधी तुम्हीच दिलेले आकडे एका कागदावर उतरवू. मी दारव्ह्याकडची. बारा वर्षांपासून आमच्या बचत गटाची वही माझ्याकडे आहे, त्यामुळे आकडे दिसले की हात आपोआप पेनाकडे जातो.

पगाराच्या दिवशीच बाहेर जातं ते असं: दुकान 4,300. हातउसने व्याजासकट 2,060. दोन हप्ते 2,150 आणि 1,480. लाईट बिल 620, सिलिंडर 900, पोरांची ट्यूशन 600. बेरीज 12,110. म्हणजे 8 तारखेला सकाळी तुमच्याजवळ 2,090 रुपये असतात आणि त्यात तुम्ही 18 तारखेपर्यंत ओढता. खरं तर हे कौतुकाचंच आहे.

आता त्या 12,110 मधले 6,360 बघा. दुकानाचे आणि उसन्याचे. ते या महिन्याचे नाहीतच. मागच्या महिन्यात जे खाल्लं त्याचे आहेत. त्या 2,060 मधले 60 रुपये व्याज सोडलं तर तुमचा महिन्याचा खरा खर्च 14,140 होतो, म्हणजे व्याज धरून बरोब्बर पगाराएवढा. तुमचं घर उधळं नाही, ते अर्धा महिना मागे चालतंय. नवं कर्ज घेऊन दुकान मोकळं होईल, पण 18 तारखेनंतर खातं पुन्हा सुरू होईल आणि वरून तिसरा हप्ता.

कंपनीवाले म्हणतील, तुम्ही नियमात बसता. बसताच. एप्रिल 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की अशा कर्जात घरातल्या सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नये. तुमचे आज 3,630 जातात, म्हणजे कागदावर जागा आहे. पण 2,090 मध्ये तो हप्ता कुठं कोंबाल, ते कागद सांगत नाही.

मग काय करायचं? मी स्वतः काय केलं ते सांगते.

आमचे हे एका खाजगी शाळेत शिपाई. पगार कधी 5 ला, कधी 20 ला. आम्ही सगळं दुकानातून खात्यावर आणायचो. एकदा असंच रडकुंडीला आल्यावर दुकानदाराकडून वही मागून घेतली आणि ओट्यावर बसून आमचं पान उतरवून काढलं. साखर, फल्लीतेल, साबण हे सगळं ठीक. पण मधे मधे 5, 10, 5, 5, 20, 10. पोराला माचीस आणायला पाठवलं की तो माचीसीसोबत कुरकुरे आणायचा, आणि दुकानदार दोन्ही लिहायचा. पाहुणा आला की बिस्किटाचा पुडा. सासूबाईंची नस, म्हणजे तपकीर. त्या किरकोळ आकड्यांचीच बेरीज 870 झाली. मी ती तीनदा केली, कारण विश्वासच बसेना. रोख पैसे देऊन आम्ही त्यातलं निम्मंही घेतलं नसतं. खात्यावर वस्तू घेताना हाताला काही लागत नाही, एवढंच त्याचं कारण.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. म्हटलं, जुन्या बाकीखाली आडवी रेघ मारा. ते चार महिन्यांत फेडते, दर पगाराला चौथा हिस्सा. नवीन सामान आजपासून रोख, पण तुमच्याचकडून. ते आधी गप्पच बसले. मग म्हणाले, "वहिनी, रोख घ्याले तालुक्याले तं नाही ना जान?" त्यांची भीती तीच होती, की रेघ मारून ही बाई गिऱ्हाईक म्हणून निघून जाईल. म्हटलं, "नाही जी, सामान इथूनच." रेघ मारली. बाकीचं त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही.

तुमच्या आकड्यात हे बसवून बघू. 4,300 चे चार भाग, 1,075 चा एक. लाडक्या बहिणीचे 1,500 येतात पण कुठं जातात कळत नाही असं तुम्ही लिहिलंय, तर ते आता जमेत धरू. एकूण 15,700. त्यातून दुकानाचे 1,075, उसन्याचे 2,060 आणि हप्ते, लाईट, गॅस, ट्यूशन मिळून 5,750 गेले की उरतात 6,815. हे आठवडी बाजाराप्रमाणे भागा. चार बाजार, दर बाजाराला 1,700. किराणा, भाजी, दळण, तिकीट, दवाखान्याची किरकोळ गोळी, सगळं त्यातच.

आता खरं बोलते. पहिल्या महिन्यात हे पुरं पडणार नाही. 7 तारखेपासून पुढच्या 7 पर्यंत 30 दिवस असतात, चार आठवडे म्हणजे 28. ते वरचे दोन-तीन दिवस नेहमी दगा देतात. तिथं साधारण 700 रुपये कमी पडतील. ते शेजारून शेकडा तीनने घेऊ नका. शेकडा तीन महिन्याचे म्हणजे वर्षाला 36 टक्के होतात बाई. गटातून घ्या. आमच्या गटात शेकडा दोन आहे, तेही काही स्वस्त नाही, पण ते व्याज आपल्याच गटात राहतं आणि वर्षाच्या शेवटी वाटून मिळतं. 2,000 च्या जागी 700 उसने, एवढाच पहिल्या महिन्याचा फायदा. दुसऱ्या महिन्यात उसने लागायचं कारण उरत नाही. चौथ्या महिन्यानंतर दुकानाची रेघ संपली की हातात दोन हजारांच्या वर उरायला लागतं. लाडक्या बहिणीचा हप्ता वेळेवर आला तर हं. त्याच्या तारखेचा भरवसा नाही, म्हणून त्याच्यावर दूध-दाण्याचा खर्च टाकू नका. तो दुकानाच्या रेघेसाठी आणि वरच्या दोन-तीन दिवसांसाठी ठेवा. उशिरा आला तर दुकानदाराचे 1,075 आठवडाभर थांबतील, चूल थांबणार नाही.

बाजाराचे पैसे एकदम घरी आणू नका. बँकेतच राहू द्या. बाजाराच्या दिवशी ग्राहक सेवा केंद्रातून अंगठा देऊन 1,700 काढायचे, किंवा पोस्टमन दादांकडून. घरी डब्यात 6,800 असले की कोणाला तरी गरज पडतेच. नणंद येते, दिराचं डिझेल संपतं. नाही म्हणता येत नाही आपल्याला. बँकेत आहेत म्हटलं की तो विषय तिथंच थांबतो.

हप्त्यांचं मात्र वेगळं खातं. हे मी ठेच लागून शिकले. जूनच्या 2 तारखेला हप्ता कापणार होता, खात्यात बरोबर तेवढेच ठेवले होते. मे संपताना पंतप्रधान विम्याचे 436 आणि अपघात विम्याचे 20 आपोआप कापले गेले, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. हप्ता परत गेला. बँकेने दंड लावला, त्यावर जीएसटी, आणि कर्जवाल्यांनी आणखी वेगळा. 456 रुपयांच्या विसरभोळेपणात हजाराच्या जवळ गेले. विमा बंद करू नका, तो कामाचा आहे. फक्त मेच्या 25 तारखेआधी खात्यात 500 जास्तीचे टाकून ठेवा.

हप्त्याचंच आणखी एक. वसुलीवाला सकाळी सातला दारात येतो असं तुम्ही लिहिलंय. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 च्या नंतर तगादा लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. त्याला शांतपणे सांगा, लोकांसमोर सांगितलं तर जास्त बरं. आणि पुढे हात मोकळा झाला की 1,480 वाला हप्ता मुदतीआधी पूर्ण भरून टाका, अशा कर्जाला लवकर फेडण्याचा दंड लावता येत नाही.

मिस्टरांच्या खर्ऱ्याबद्दल, म्हणजे त्या तंबाखू-सुपारीच्या पुडीबद्दल, तुम्ही अर्धी ओळ लिहून सोडून दिलंय. मी समजले. आमच्याकडे तीन व्हायचे दिवसाला. मी भांडले, रुसले, सासूबाईंना मधे घातलं, काही उपयोग नाही. शेवटी दर बाजाराला 200 रुपये त्यांच्या हातात दिले आणि म्हटलं, यात तुमचा खर्रा, चहा, पेट्रोलची तोंडमिळवणी, काहीही करा, मी विचारणार नाही. फोनवरून पैसे देणं मात्र बंद. दोन महिन्यांत तीनाचा एक झाला. आता रविवारी तेवढे दोन खातात आणि मला कळत नाही असं त्यांना वाटतं.

खाण्यात काटकसर तुम्हाला मी काय शिकवावी? रेशनचं माणशी पाच किलो धान्य उचलताच, तूर घरची आहे. एवढंच सांगते की उन्हाळ्यात मुंगवड्या आणि खारोड्या थोड्या जास्त घाला. पावसाळ्यात भाजी परवडत नाही, आणि पोरांची वह्या-पुस्तकं, युरियाची बॅग सगळं तेव्हाच येतं. त्या दिवसांत आठवड्यातले दोन दिवस मुंगवडीचा रस्सा आणि भाकर झाली तर बाजार दीडशे-दोनशेनं हलका होतो. माझी पोरं कुरकुर करतात, पण वरून लसणाची फोडणी कडक दिली की खातात.

बाजाराला जाताना अर्ध्या तिकिटात एसटीने जा. गावातल्या ऑटोवाल्याला जायचे-यायचे पूर्ण पैसे द्यावे लागतात, आणि त्याच्या घाईत आपण मोलभाव न करता सांबार (कोथिंबीर), आलू उचलतो.

आता या 7 तारखेला दुकानात जाल तेव्हा दुपारी दोन-अडीचला जा. तेव्हा गिऱ्हाईक नसतं आणि दुकानदारालाही बोलायला वेळ असतो. आधी वही मागा, आपलं पान बघा, मग रेघेचं बोला. हातात 1,075 सुटे ठेवा, बोलणं झाल्या झाल्या समोर ठेवायला. आणि पोराला सोबत नेऊ नका.